नवं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर: खान्देशातल्या परवानाधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या परवान्यावर नुकतंच लहान चौकटीचं रिव्हॉल्वर चढलं आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. परवाना कसा काढायचा, हा प्रश्न इथं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तो जिल्हादंडाधिकारी देतात आणि कागदांची यादी त्यांच्या शस्त्र परवाना शाखेत मिळते. इथले प्रश्न त्यापुढचे आहेत: वस्तू हातात आली, आता तिच्याशी ओळख कशी करून घ्यायची आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ती धड कशी ठेवायची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बहुतेक उत्तरं फिरून तिथंच येतात. आपल्याकडचं परवान्याचं रिव्हॉल्वर गोळ्या झाडून झिजत नाही, कपाटात पडून खराब होतं. त्याचं सगळं आयुष्य कपाटात जातं, त्यामुळे निगाही कपाटाचीच करावी लागते.

दुकानातून घरी आणलं. आता पहिलं काय करू?

काडतुसांची डबी वेगळ्या खणात कुलूपबंद करा आणि मग रिव्हॉल्वर घेऊन बसा. टेबलावर एकही गोळी नको, खिशातही नको. चष्मा लावा आणि चौकटीवर कोरलेला नंबर वाचा. तो बिलावरच्या आणि परवान्यावरच्या नंबराशी अंक-अंक ताडून पाहा. नोंद करताना तीनाचा आठ झाला असेल तर आज दुरुस्ती एका अर्जाची आहे. तोच फरक नूतनीकरणाच्या वेळी निघाला तर चौकशीला तोंड द्यावं लागतं.

मग पुसायला घ्या. कारखान्यातून माल निघतो तेव्हा गंज लागू नये म्हणून त्यावर जाड तेल किंवा ग्रीस असतं. ते साठवणुकीसाठी असतं, वापरासाठी नाही. कोरड्या सुती कापडाने बाहेरून, आणि सळईला चिंधी लावून नळी व सहाही घरं (फिरत्या सिलिंडरमधले काडतुसांचे कप्पे) आतून कोरडी करा. नंतर हलका तेलाचा हात फिरवा. सोबतची पुस्तिका वाचा. पुस्तिका लोक वाचत नाहीत आणि मग तिच्यातच लिहिलेले प्रश्न फोन करून विचारतात.

रिकामं आहे याची खात्री कशी करायची?

उघडा, सहा घरं मोजा, प्रत्येकातून उजेड आरपार दिसतो का पाहा आणि अंधार असेल तर करंगळीने चाचपा. दुसऱ्याने तुमच्यासमोर तपासून हातात दिलं तरी पुन्हा तपासा. यात कुणाचा अपमान होत नाही. आपण तपासतो तेव्हा समोरच्याला राग येत असेल, तर त्याच्या हातात पुन्हा शस्त्र देऊ नका. तपासतानाही नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे, आणि बोट चापाच्या (ट्रिगरच्या) बाहेर.

काही रिव्हॉल्वर मधून मोडतात, काहींचं सिलिंडर बाजूला निघतं. हाताळण्यात फरक आहे का?

मोठा फरक आहे. कानपूरच्या कारखान्याचं जुनं बत्तीस हे इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्वरच्या घराण्यातलं. वरचा खटका (चाप नव्हे) दाबला की नळी आणि सिलिंडर पुढे झुकतं, मागची बाजू उघडी पडते आणि सिलिंडरच्या मधला तारा आपोआप वर उठून पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं) बाहेर लोटतो. २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ याच पठडीतलं आहे. टायटॅनियम मिश्रधातूमुळे ते वजनाला अर्ध्या किलोच्या घरात येतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘प्रबळ’मध्ये मात्र सिलिंडर बाजूला निघतं. त्याची नळी ७६ मिलिमीटरची आणि काडतुसांविना वजन ६७५ ग्रॅम आहे.

मधून मोडणाऱ्यात सगळा भार वरच्या खटक्यावर असतो. खटका नीट बसला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि नळी-मूठ दोन्ही हातांत धरून हलवलं तरी मधे खेळ जाणवत नाही. खेळ जाणवला तर ते वापरायचं नाही. पुंगळ्या काढताना ते कचरत, अर्धवट उघडू नका. तारा अर्ध्यात वर येऊन परत खाली बसतो आणि एखाद्या पुंगळीची कड त्याच्याखाली सरकते. मग ना उघडता येतं ना मिटता येतं. एका दमात पूर्ण उघडा आणि पुंगळ्या खाली पडतील असं तिरकं करा.

बाजूला निघणाऱ्यात नाजूक जागा वेगळी. सिलिंडर ज्या बाहूवर फिरतं तो बाहू बारीक असतो. सिनेमातला नट मनगटाला झटका देऊन सिलिंडर आत आपटतो. खऱ्या रिव्हॉल्वरला तसं दहा-वीस वेळा केलं की बाहू वाकतो, सिलिंडर नळीशी सरळ रेषेत बसेनासं होतं आणि दुरुस्तीला नेल्यावर कारागीर कपाळाला हात लावतो. अंगठ्याने हळू आत ढकला, मग थोडं फिरवून ते कुलपात बसल्याची खात्री करा. पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आभाळाकडे करून इजेक्टरची काडी एकदाच, पण पूर्ण दाबा.

त्या ताऱ्याखाली काय अडकतं? माझं सिलिंडर मधेच जड फिरतं.

तिथंच पाहा. रिकामं करून तारा वर उचला आणि त्याची खालची बाजू बॅटरीच्या उजेडात धरा. न जळलेल्या दारूचे करडे-काळे कण दिसतील, राईच्या दाण्याहूनही बारीक. एवढ्याशा दोन-तीन कणांमुळे तारा केसभर वर राहतो, त्यावर टेकलेली काडतुसं केसभर मागे सरकतात आणि मागच्या पत्र्याला घासू लागतात. सिलिंडर जड झालं, चाप मधेच अडकला, नीट मिटत नाही, या तिन्ही तक्रारींत आधी ताऱ्याखाली जुन्या टूथब्रशने झाडा. कोरडाच ब्रश घ्या. तिथं तेल सोडलंत तर पुढच्या वेळी कण चिकटूनच बसतील. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची धूळ आणि कपाशीच्या हंगामातली तूस यांची भर पडते.

झाडूनही जडपणा राहिला तर कारागीर गाठा.

चाप ओढायला इतका जड का आहे? स्प्रिंग हलकी करून घेऊ?

नको. घोडा (मागून टोला मारणारा हॅमर) न चढवता नुसता चाप ओढता तेव्हा तुमचं एक बोट दोन कामं करतं: सिलिंडर फिरवतं आणि घोडा मागे नेऊन सोडतं. लहान रिव्हॉल्वरमध्ये त्याला साधारण चार-पाच किलोचा जोर लागतो. घोडा आधी अंगठ्याने चढवला की उरतो दीड-दोन किलोचा, म्हणजे जेमतेम स्पर्श. रिव्हॉल्वरला बहुधा वेगळं सेफ्टीचं बटण नसतं. पहिला जड ओढा हाच त्याचा अडसर आहे. स्प्रिंग कापली की तो अडसर जातो, शिवाय घोडा टोपीवर (काडतुसाच्या बुडातल्या, मार बसला की पेटणाऱ्या भागावर) पुरेशा जोराने आदळत नाही आणि गोळी फुटत नाही.

त्याच कारणाने घोडा उगाच चढवू नका. चढवलेला घोडा भरलेल्या रिव्हॉल्वरवर हळूच उतरवणं हे या यंत्रातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे. अंगठा घामाने ओला असतो, घोड्याचं टोक लहान असतं. ती वेळच येऊ द्यायची नाही.

आकार लहान, म्हणजे चालवायला सोपं असेल ना?

उलट आहे. लहान चौकट खिशात सोपी, हातात अवघड. वजन कमी म्हणून धक्का जास्त लागतो, मूठ आखूड म्हणून करंगळी लोंबते, माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) आणि मागची खाच यांच्यात अंतर कमी म्हणून नेमातली बारीक चूक लक्ष्यावर मोठी होते. नळी तीन इंचांची असल्यामुळे तोंड कुठे वळतंय हेही पटकन कळत नाही आणि डावा हात पुढे येतो. एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनावर कोरा: सिलिंडर आणि नळी यांच्यात कागदाएवढी फट असते आणि गोळी सुटताना त्या फटीतून तप्त वायू दोन्ही बाजूंना फवारतो. बोट तिथं असेल तर कापतं, भाजतं. दोन्ही हातांची बोटं सिलिंडरच्या मागेच राहिली पाहिजेत.

रिकामा चाप ओढून घरी सराव केला तर चालतो का?

बत्तीसमध्ये नकली काडतुसं घालून चालतो. टोपीच्या जागी रबर किंवा स्प्रिंग असलेली ही काडतुसं टोपीवर आपटणाऱ्या टोकाला मार लागू देत नाहीत. जुन्या वेब्ली पठडीत तर टोक घोड्यावरच असतं आणि रिकाम्या घरावर वर्षानुवर्षं आपटून ते तुटतं. बावीस बोअरच्या ‘निडर’सारख्या शस्त्रात रिकामा चाप अजिबात ओढू नका. बावीसच्या काडतुसावर मार कडेला बसतो. काडतूस नसलं की तोच मार सिलिंडरच्या ओठावर बसतो आणि तिथं खड्डा पडतो. सराव ज्या खोलीत चालतो त्या खोलीत खरी गोळी नको, आणि समोर माणसांची वर्दळ नसलेली पक्की भिंत हवी.

मित्राकडे बत्तीसचं पिस्तूल आहे. त्याच्या गोळ्या माझ्यात बसतात. चालतील का?

नाही, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन्हींना ‘बत्तीस’ म्हणतात, पण काडतुसं वेगळी आहेत. तुमच्या रिव्हॉल्वरचं काडतूस म्हणजे बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालापासून चालत आलेलं, कमी दाबाचं, मागे ठळक कड असलेलं. पिस्तुलाचं काडतूस ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग. ते आखूड असतं, त्याची कड जेमतेम बाहेर येते आणि दाब जास्त असतो. ते काही रिव्हॉल्वरच्या घरात शिरतं, म्हणूनच ही चूक होते. शिरलं म्हणजे ते त्यासाठीच आहे असं नव्हे. डबीवरचं पूर्ण नाव नळीवरच्या नावाशी जुळलं तरच वापरा. आणि मित्राकडून काडतुसं उसनी घेणं मुळात बेकायदा आहे. प्रत्येक काडतुसाची नोंद कुणाच्या तरी परवान्यावर असते.

वरणगावला तर गोळ्यांचीच फॅक्टरी आहे. तिथून मिळत नाहीत का?

नाही भाऊ. वरणगावची आयुध निर्माणी १९६० च्या दशकातली; तिथं मुख्यतः सैन्याच्या रायफलींची काडतुसं बनतात आणि फाटकावर किरकोळ विक्री नसते. तुमची काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत घ्यायची. डबीवर केएफ दिसलं तर ती पुण्याच्या खडकी कारखान्याची. दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या एकाच सरकारी कंपनीत आहेत. भुसावळच्या निर्माणीबद्दलही लोक विचारतात. तिचाही तुमच्या काडतुसांशी संबंध नाही.

साफसफाई नेमकी कशी करायची? क्रम सांगा.

खोली हवेशीर निवडा. देवघर आणि स्वयंपाकघर नको, कारण मळात शिसं असतं. जवळ चहाचा कप ठेवू नका. बत्तीसच्या मापाची पितळी सळई, त्याच मापाचा ब्रश, सुती चिंध्या, सॉल्व्हंट, तेल, जुना टूथब्रश एवढं पुरतं. लोखंडी सळई वापरू नका.

रिकामं आहे ना, पुन्हा पाहा. सॉल्व्हंटची ओली चिंधी नळीतून एकदा आरपार न्या आणि दहा मिनिटं थांबा. हे थांबणं लोक टाळतात आणि मग घासाघीस दुप्पट करतात. रिव्हॉल्वरमध्ये सळई बहुधा तोंडाकडूनच घालावी लागते, म्हणून ती नळीच्या ओठाला घासणार नाही अशी मधोमध धरा. नेम शेवटी त्या ओठावर ठरतो. ब्रश पूर्ण पलीकडे जाऊ द्या, मगच मागे ओढा. नळीत मधेच उलटा फिरवला तर केस मोडतात. आठ-दहा फेऱ्यांनंतर कोरड्या चिंध्या, जोवर चिंधी जवळपास पांढरी येत नाही तोवर.

सहा घरं एकेक करून घासा. घराच्या आत, पुढच्या बाजूला एक काळं कडं धरतं. ते राहिलं तर पुढे काडतूस पूर्ण आत बसत नाही.

आता सिलिंडरचा पुढचा चेहरा आणि नळीची मागची बाजू. इथं काळा कोळसा असतो आणि नवा माणूस तो चकचकीत करायला रेती पेपर घेतो. सॉल्व्हंटने जेवढा निघेल तेवढा काढा, उरलेला डाग राहू द्या. तो डाग शस्त्राचं काही बिघडवत नाही, रेती पेपर मात्र फटीचं माप बिघडवतो. पितळेची भांडी घासायची पेस्टही नको. निळा-काळा मुलामा तिने उडतो आणि उघड्या लोखंडाला पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात.

बाजूची पट्टी उघडून आतली यंत्रणा साफ करायच्या भानगडीत पडू नका. आतल्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात आणि बसवायचा क्रम ठरलेला असतो. मुठीचा स्क्रू तेवढा तपासा. धक्क्यांनी तो ढिला होतो.

शेवटी तेलाचा एक थेंब सिलिंडरच्या आसावर, बाहेरून तेलट कापडाचा हात, आणि घरं पूर्ण कोरडी. हात साबणाने, थंड पाण्याने धुवा. चिंध्या घरच्या पुसण्यांत मिसळू देऊ नका.

तेल कोणतं? घरी खोबरेल आहे.

खोबरेल नको. ते चोवीस अंशांच्या आसपास गोठतं आणि धुळ्याची डिसेंबरातली पहाट दहाच्या खाली जाते. त्यात घोडा अडखळतो. शेंगदाणा आणि तीळ ही खाद्यतेलं तर वाळून डिंकासारखी होतात. जुनी माणसं रॉकेलने धुवायची. मळ निघतो, पण रॉकेल उडून गेल्यावर लोखंड उघडं पडतं आणि गंजतं. गन ऑइल मिळत नसेल तर शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल चालतं. ओलावा हटवणारे फवारे भिजल्यावर पाणी काढायला बरे, वंगण म्हणून नाही. आणि हात राखून. तेल जास्त झालं की मुठीच्या लाकडात मुरतं, आत उतरून धूळ धरतं आणि भरून ठेवलेल्या काडतुसांच्या टोप्यांत शिरून त्या निकामी करतं.

चामड्याचं कव्हर घेतलं आहे. त्यातच ठेवू ना?

नेताना त्यात, ठेवताना बाहेर. चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात उरतात. यावलच्या एका केळी बागायतदाराचा काडतुसांचा पट्टा पाहिला होता: पट्ट्याच्या वळ्या जिथं पितळेला टेकत होत्या, तिथं प्रत्येक काडतुसाला हिरवं कडं, नखाने खरवडलं तरी न निघणारं. दोन काडतुसं तर वळीतून ओढून निघेनात. त्यांच्या घराभोवती बारमाही ठिबक आणि केळी, म्हणजे हवा कायम दमट. काडतुसं मूळ डबीत ठेवा. हिरवी पडलेली, ठेचलेली, गोळी पुंगळीत हलणारी काडतुसं झाडून संपवू नका, विक्रेत्याकडे नोंदीसह जमा करा.

पावसाळ्यात आणि मे महिन्यात वेगळी काळजी लागते का?

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढा, कोरडं पुसा, तेलट हात फिरवा, ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. तिजोरी बाहेरच्या भिंतीला लागून असेल, भिंतीला ओल येत असेल तर जागा बदला. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओलावा शोषून रंग बदलतात तेव्हा बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं वाईट. आतला दमटपणा आतच राहतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळीसच्या वर जातं. कमरेला लावून फिरलात तर घामाचं मीठ शर्टाच्या बाजूचा मुलामा आठवड्याभरात खातं, म्हणून रोज रात्री पुसायचं. काडतुसं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. त्यांचा स्फोट होत नाही, पण दारू लवकर जुनी होते. आणि गाडीत शस्त्र सोडून जाणं तर चोराला आमंत्रण.

किती दिवसांनी साफ करायचं?

झाडल्यावर त्याच दिवशी. न झाडता, उन्हाळ्या-हिवाळ्यात महिन्यातून एकदा पुसणं पुरे.

चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही. मग?

तोंड लक्ष्याकडेच ठेवा, मनात साठ मोजा, मग उघडा. टोपीवर खड्डा उथळ असेल तर दोष घोड्याचा किंवा मळाचा. खोल असेल तर काडतुसाचा.

याहून वाईट म्हणजे ‘फट्’ऐवजी ‘फुस्स’ असा मऊ आवाज. तिथंच थांबा. दारू अर्धवट जळून गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी सोडली तर नळी फाटते. रिकामं करा, नळीतून उजेड दिसतो का पाहा. दिसत नसेल तर सळईने ठोकत बसू नका, तसंच कारागिराकडे न्या.

सराव शेतात केला तर? आमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याला आहे, आजूबाजूला कुणी नसतं.

कुणी नाही असं वाटतं. गुराखी असतो, सरपण वेचणाऱ्या बाया असतात, पलीकडे पाडा असतो. बत्तीसची गोळी नेमाच्या टप्प्यापलीकडेही कित्येकशे मीटर जाते आणि दगडावर आपटून दिशा बदलते. सराव फक्त अधिकृत रेंजवर. जवळची कुठली, हे परवाना शाखेत विचारा. पहिल्या दिवशी शिकवणारा सोबत हवा, कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हवं.

रानडुकरांसाठी उपयोग होईल का?

नाही. आखूड नळीचं बत्तीस रानडुकराला थांबवत नाही, जखमी करून अंगावर आणतं. पीक संरक्षणासाठीचा परवाना वेगळा, तो लांब नळीच्या बंदुकीचा. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं हा गुन्हाच आहे, हत्यार कुठलंही असो.

वरातीत एखादा बार?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाही जातो. ज्या लग्नात असा आग्रह होणार हे माहीत आहे, तिथं घेऊनच जाऊ नका. शस्त्र अंगावर असेल तेव्हा झाकलेलं आणि कव्हरमध्ये असलं पाहिजे. सारंगखेड्याच्या यात्रेत शर्ट वर करून मिरवायचं नाही.

घरात कुठे ठेवू? घरची माणसं आपलीच आहेत.

आपलीच असतात, म्हणून तर कुलूप. भिंतीत किंवा फरशीत बोल्ट केलेली छोटी तिजोरी घ्या; रिव्हॉल्वर रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नाहीत. सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र तुम्ही अर्जासोबत दिलेलंच आहे. उशीखाली, गादीखाली, धान्याच्या कोठीत, देवघरामागे ही ठिकाणं पोरांना तुमच्याआधी माहीत असतात.

खान्देशात एक खास वेळ सांभाळायची: कानबाईचा सण. घर रंगवायला कपाटं रिकामी होतात, सगळी भाऊबंदकी पोराबाळांसह उतरते, सामान या खोलीतून त्या खोलीत जातं. दिवाळीची साफसफाई आणि घरचं लग्नही तसंच. अशा वेळी तिजोरी हलवायची असेल तर ती स्वतः हलवा, किंवा आठवड्यापुरतं शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.

घरात कुणी फार निराश असेल, पिऊन येत असेल, जमिनीवरून भांडण पेटलं असेल, तर शस्त्र घराबाहेर जमा करणं हाच शहाणपणा. यात लाज धरू नका.

ओळखीचा लेथवाला सुटा भाग बनवून देतो म्हणतो.

त्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नसेल तर तोही अडकतो आणि तुम्हीही. नळी आखूड करणं हा वेगळा गुन्हा. सातपुड्याच्या हद्दीवर गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण येता-जाता वाचतो. त्या धंद्याशी दूरचाही संबंध जुळायला नको. परवानाधारक कारागिराकडे स्वतः जा. प्रकृतीमुळे जमत नसेल तर दुरुस्तीसाठी दुसऱ्याला लेखी अधिकारपत्र देऊन पाठवता येतं, ते कायद्यात आहे. सोबत परवान्याची प्रत द्या.

रावेरहून बऱ्हाणपूरला सोबत नेलं तर?

परवान्यावर क्षेत्र काय लिहिलं आहे ते पाहा. फक्त महाराष्ट्र असेल तर बऱ्हाणपूर, सेंधवा, सुरत सगळं हद्दीबाहेर. आपल्याकडे ही हद्द कळत नकळत ओलांडली जाते. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर चार पावलं टाकली की राज्य बदलतं. नेहमीचं जाणं-येणं असेल तर क्षेत्रवाढीचा अर्ज करा, तोवर घरी ठेवा.

निवडणुकीत जमा करावंच लागतं का?

नोटीस आली तर हो. कुणाचं शस्त्र जमा करायचं हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. सूट हवी असेल तर कारणांसह लेखी मागा. जमा करताना नंबर आणि काडतुसांची संख्या पावतीवर घ्या. निकालानंतर परत आणायला उशीर लावू नका.

नूतनीकरण कधी?

२०१९ नंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी अर्ज टाका.

आमचे आप्पा वारले. त्यांचं रिव्हॉल्वर कपाटात आहे. ते मी साफ करून ठेवलं तर चालेल?

त्यांचा परवाना त्यांच्यासोबत संपला, त्यामुळे ते घरात ठेवणं आता कुणाच्याच हक्काचं नाही. तेरावं होण्याची वाट पाहू नका. पोलीस ठाण्याला कळवा. ते सांगतील तसं शस्त्र आणि काडतुसं तिथं किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. मग वारसांची संमतीपत्रं जोडून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करा किंवा विक्रीची परवानगी मागा. काडतुसं मोजून पावतीवर लिहून घ्या. विक्रेत्याकडे जमा करत असाल तर त्यालाच सांगा की नळी आणि घरं पुसून वर तेलाचा जाड हात फिरवून ठेव, कारण वारसाच्या अर्जाला किती पावसाळे लागतील याचा भरवसा नसतो.